सहा नंबरची खुर्ची

तालुका उरण, घरचा ओटा
रविवार, दुसरा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप मनुबाय हीस,

धाकट्या दयारामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (सगुणा, तू सासूला वाचून दाखवत असशील तर नमस्कार तिच्यापर्यंत पोचव आणि आशीर्वाद तू ठेवून घे. वाचताना मध्येच हसू नकोस, तिला वाटतं काहीतरी गाळलं.)

तुझा गुडघा कसा आहे? निर्गुडीचा पाला गरम करून बांध, पायरी चढू नकोस, म्हणजे सूज उतरेल. डोळ्याच्या ऑपरेशनला महिना झाला, म्हणजे आता दिसत असेलच. वाल चांगले आले असतील, तुझ्या धनेशची गाडीही स्टँडच्या रांगेला लागली असेल. इकडे सगळे खुशाल. पत्राला कारण असं काही नाही. फोनच केला असता, पण तुमच्याकडे रेंज नसते. (सगुणा म्हणते रेंज भरपूर आहे, तू माझं नाव बघून फोन तांदळाच्या डब्यावर उपडा ठेवतेस. मी तिचं बोलणं मनावर घेत नाही.) आमच्या नातवाच्या, हर्षदच्या हळदीतून तू न जेवता गेलीस त्याला नऊ महिने झाले. मी सगळ्यांना सांगितलंय, बायला पित्त झालं होतं. नऊ महिन्यांत पोर जन्माला येतं, पण तुझं पित्त काही उतरत नाही. असो. तो विषय या पत्रात नाही.

हे पत्र कॉलेजबद्दल आहे. व्हय, मी कॉलेजात गेलो. चौथी शिकलेला, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून दोन्ही बाजूंनी वाचून शिकलेला तुझा भाऊ, हारतुऱ्याचं आमंत्रण घेऊन गेला. झालं असं, आपली रुचिका (हर्षदची धाकटी बहीण, जी लहानपणी तुझ्या पदराखाली बसून लग्नातली गाणी, धवले ऐकायची आणि स्वतः तोंड उघडायची नाही, तीच) यंदा शेवटच्या वर्षाला आहे. तिथं आता हिशेब आणि कायदा यांच्या जोडीला आणखी एक विषय असतो, नोकरीला लागणारी कौशल्यं. बोलणं, ऐकून घेणं, मिळून काम करणं, वेळ पाळणं, अडचण सोडवणं. या सगळ्याला मार्क! मी रुचिकाला विचारलं, अगं मिळून काम करणं ही काय शिकवायची गोष्ट आहे? ती म्हणाली, न शिकवता येत असती तर शिकवली नसती. मग मी विचारलं, बरं, मार्क कसे देतात? मापतात कशानं? तेवढ्यात चहा आला आणि तिचं उत्तर राहिलं, पण प्रश्न माझ्या डोक्यात खडा पडल्यासारखा वाजत राहिला.

कारण माणसं तपासायचं काम मी तीस वर्षं केलंय. मिठागरावर नवा माणूस आला की मी त्याला काही विचारत नसे. ओल्या बांधावरून पलीकडे जाऊन ये म्हणायचो. बांध ओला असला की पाऊल रुततंच. परत येताना जो थांबून आपल्याच पावलाचा खळगा दाबून सारखा करी, तो ठेवायचा. बाकीच्यांना चहा पाजून घरी पाठवायचं. कॉलेजच्या नेत्रा मॅडमनी वर्गात विचारलं, तुमच्या ओळखीत कुणी असं आहे का, ज्यानं पुष्कळ माणसं कामावर ठेवलीत? कंटेनर यार्डाचे एक साहेब येणार होते, पण जहाज लागलं म्हणून त्यांनी कळवलं जमत नाही. तर आपल्या रुचिकानं हात वर केला, बाय. आख्ख्या तीन वर्षांत पहिल्यांदा. आणि माझं नाव सांगितलं.

आता तज्ज्ञ म्हणून जायचं म्हणजे तज्ज्ञासारखं दिसायला नको? हर्षदनं मला केसांना कलप लावला. पंधरा वर्षं उतरली. (आरशात मला आपले बापूच दिसले, मी जरा दचकलो.) कार्यक्रम अकराचा, मी सव्वादहाला हजर. आपली सवय भरतीच्या वेळेवरची, भरती काय कुणासाठी थांबते? मोठ्या फाटकावर नेत्रा मॅडम नारळ आणि शाल घेऊन माझी वाट बघत उभ्या राहणार होत्या. पण मी आलो खाडीकडच्या पायवाटेनं, मागच्या दारानं. पहिल्याच खोलीत सहा खुर्च्या गोल मांडलेल्या, पाच पोरं बसलेली, त्यात आपली रुचिका. एक खुर्ची मोकळी. गोल मांडलेल्या खुर्च्यांत मोकळी खुर्ची दिसली की आपल्यात माणूस काय करतो? बसतो. मीही बसलो. पुण्याहून परीक्षा घ्यायला आलेल्या अमिषा मॅडम कोपऱ्यात पाटीएवढं यंत्र घेऊन बसल्या होत्या. त्यांनी हसून माझ्या छातीवर ‘६’ लिहिलेला गोल कागद चिकटवला. मला वाटलं, हल्ली पाहुण्यांना गुलाबाऐवजी हे देतात.

खरा सहा नंबर म्हणजे रामचंद्र. अठ्ठेचाळीस वर्षांचा ट्रेलरवाला, उशिरा शिकायला लागलेला. त्याचा ट्रेलर बंदराच्या फाटकावर अडकला होता. मॅडमच्या यादीत ‘प्रौढ विद्यार्थी’ असं लिहिलेलं, आणि समोर मी, ताजा कलप लावून. त्यांची काही चूक नाही. (रुचिका का बोलली नाही? नंतर म्हणाली, मला वाटलं तज्ज्ञ आत बसूनच बघतात.)

मॅडमनी माझ्या हातात एक छापील कागद दिला आणि मध्ये वीस जुनी वर्तमानपत्रं न् चिकटपट्टी ठेवली. मी कागद डोळ्यांसमोर धरून मोठ्यानं वाचला : सर्वांनी मिळून वीस मिनिटांत कागदाचा उंचात उंच मनोरा बांधा. वाचून झाल्यावर कागद मांडीखाली ठेवला, उडू नये म्हणून, आणि कामाला लागलो. बाय, तुला सांगतो, माझ्या अंगात पुन्हा मुकादम शिरला. तू गुंडाळ, तू चिकटव, तू धर, अरे स्वराज, नुसता उभा काय राहिलास, खांब आहेस का? पोरं गुणाची, सांगितलं ते करत होती. आपली रुचिका समोर बसलेली. म्हणाली, “आजोबा, कागदाच्या...” मी म्हटलं, थांब गो, आधी पाया घालू दे. थोड्या वेळानं परत, “आजोबा, मागे...” मी म्हटलं, मागे नंतर बघू, आधी वर बघ. तिसऱ्या वेळी तिनं नुसता हात वर केला, तर त्या हातात मी चिकटपट्टी दिली.

मनोरा पंख्यापर्यंत गेला! मी कंबरेवर हात ठेवून मागे सरलो. मग अमिषा मॅडम उठल्या, त्यांनी एक जाडजूड डिक्शनरी आणली न् स्टुलावर चढून मनोऱ्यावर ठेवली. मनोरा असा बसला, जसा बापूंच्या धोतराचा सोगा बसायचा. डिक्शनरी स्वराजच्या पायावर. मी रागावलोच, म्हटलं, मॅडम, हे कुठं ठरलं होतं? त्यांनी शांतपणे माझ्या खुर्चीवरचा कागद उचलला आणि उलटा केला. मागे छापलेलं : मनोऱ्यानं एक पुस्तक एक मिनिट पेललं पाहिजे. मी कागद तोंडासमोर धरून वाचत होतो तेव्हा ती बाजू कुणाच्या समोर होती? रुचिकाच्या. तिनं ती तेव्हाच वाचली होती.

अर्ध्या तासात फळ्यावर मार्क लागले. क्रमांक सहा : पुढाकार दहापैकी नऊ, ऐकून घेणे दहापैकी शून्य. शेरा, इतरांना बोलू देत नाहीत. तेवढ्यात नेत्रा मॅडम नारळ घेऊन मला शोधत आल्या आणि सगळा उलगडा झाला. पोरं हसून लोळली, मीही हसलो, शून्यावर नारळ मिळालेला तज्ज्ञ मीच पहिला. मग माझी नजर क्रमांक चारवर गेली. रुचिका. संवाद दोन, पुढाकार दोन. शेरा, तीन वेळा सुरुवात केली, पूर्ण केले नाही. शंभरात एक्केचाळीस. साठ मिळाले तरच गुरुवारी गोदामाच्या ऑफिसातल्या मुलाखतीला नाव जाणार होतं, आणि ते नाव जावं म्हणून ती पोर महिनाभर मोरीत आरशासमोर बोलायची सवय करत होती. (आम्हाला वाटायचं फोनवर आहे.)

कार्यक्रम आटोपून मी आणि ती एसटीच्या थांब्यावर आलो. शाल माझ्या खांद्यावर, नारळ तिच्या हातात. मी म्हटलं, काही बोल गो. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, “घरी पण असंच होतं, आजोबा. तिथं मार्क कोण लावत नाही, म्हणून कळत नाही.”

माझ्या तोंडाशी तीन उत्तरं आली होती. तिन्ही गिळली. एसटी आली, जाऊ दिली. तिला घेऊन परत कॉलेजकडे वळलो.

अमिषा मॅडमना सांगितलं, पाऊल माझं रुतलंय, पोरीच्या मार्कांत खळगा का? त्या म्हणाल्या, चूक आमचीही आहे, परीक्षा पुन्हा घेते, पण गट सहाचा लागतो आणि रामचंद्र अजून फाटकावरच आहे. तुम्ही बसा, पण वीस मिनिटं एक अक्षर बोलायचं नाही. बाय, मी भर उन्हात मीठ उपसलंय, उधाणात रात्रभर बांध धरलाय. त्या वीस मिनिटांइतकं कष्टाचं काम केलेलं नाही. जिभेला कळा लागल्या. पोरं चिकटपट्टी फुकट घालवत होती, मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. या वेळी काम वेगळं होतं, कागदाचा पूल. रुचिकानं कागद घेतला आणि पहिलं वाक्य बोलली : “आधी मागचं वाचूया.” पोरं हसली, पण वळून बसली. स्वराज म्हणाला, पट्ट्या जाड करू. ती म्हणाली, जाड करू, पण मग लांबीला कागद पुरेल का ते मोज. मग मोजायचं चाललं. पूल दिसायला काही खास नव्हता. डिक्शनरी पेलून वर माझा नारळही पेलला.

रुचिकाला अडुसष्ट पडले. निघताना मी मॅडमना धरलंच. म्हटलं, बोलणं दिसतं, पण ऐकणं तुम्हाला दिसतं कसं? त्या म्हणाल्या, सोपं आहे काका, ऐकणाऱ्याच्या पुढच्या वाक्यात आधीच्या माणसाचं काहीतरी असतं. स्वराजचं ‘जाड’ रुचिकाच्या वाक्यात आलं, बघितलंत ना? तेव्हापासून मला नादच लागलाय. परवा नाक्यावर चहाला बसून मोजलं. आपला बाळाजी म्हणाला, पोराचा ताप उतरत नाही. त्यावर दुसरा म्हणाला, सुरमई आज महाग आहे. तिसरा म्हणाला, बायपास काय होत नाही. मी अर्धा तास मोजलं, कुणाच्या वाक्यात कुणाचं काही नाही. शेवटी मीच विचारलं, बाळाजी, ताप किती दिवस आहे? तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसा मी त्याच्या खिशात हात घातला. मग पाऊण तास बोलला. ओळखीला चाळीस वर्षं झाली, त्याला बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

गुरुवारी मुलाखत झाली, उत्तर आठवड्यात येईल. तिथं काय काय विचारलं ते रुचिकानं मला सगळं सांगितलं. मी मध्ये दोनदाच बोललो. सगळ्यांना यथायोग्य नमस्कार, आशीर्वाद. गुडघ्याला पाला बांध.

तुझा,
दया

ता.क. हळदीचा विषय या पत्रात नाही असं वर लिहिलंय ते खोटं. त्या दिवशी तू मांडवात तीनदा माझ्याकडे आलीस. पहिल्यांदा मी म्हटलं थांब बाय, पाहुणे येतायत. दुसऱ्यांदा म्हटलं थांब, डीजेवाल्याला वायर देतो. तिसऱ्यांदा तू माझी बाही धरून म्हणालीस, “दया, मना बोलू दे,” आणि मी तुझ्या हातात हळदीचं ताट दिलं. चिकटपट्टी दिली तसंच. तू गावोगावची धवलारीण, तुझ्या धवल्याशिवाय आपल्यात कुणाचं लग्न लागलं नाही. मी धरून चाललो की तुला डीजे बंद करायचा होता. नऊ महिने लोकांना पित्त सांगितलं आणि स्वतःला डीजे सांगितला. तुला काय म्हणायचं होतं ते मला माहीत नाही, बाय. खरंच माहीत नाही. करंजाहून लाँच पकडून रेवसला उतरतो, तिथून रिक्षानं येतो. तू म्हणशील त्या दिवशी. सहाचा बिल्ला मी जपून ठेवलाय, तो लावून समोर बसेन.

ता.क. दुसरा. पत्र रुचिकाला वाचायला दिलं. म्हणाली, छान आहे, पण एवढ्या पानांत आत्याआजीला तुम्ही एकच प्रश्न विचारलात, गुडघ्याचा, आणि तिच्या उत्तराआधीच पाला बांधून मोकळे झालात. मार्क विचारले तर म्हणाली, दहापैकी एक, तोही नात म्हणून.

ता.क. तिसरा. सगुणा, एवढं नीट वाच. हे शेवटचं पान उलटून बघा. मागे मी काही लिहिलेलं नाही, ती बाजू बायची आहे. ती सांगेल तसं लिही, तिकीट लावलेलं पाकीट आत आहे. गुडघा कसा आहे, तिथूनच सुरू केलं तरी चालेल.