न फोडलेली डबी

डॉक्टरसाहेब,

आज बुधवार, १२ जून १९६८, दुपारी चार वाजता मी दवाखान्यात आणलेल्या झुंबरबाईला तुम्ही नुसतं 'ऊन लागलंय' म्हणालात. तिनं किडीवरच्या नव्या विषारी पुडीचा शेणकाला पेरणीच्या सरकीला उघड्या हातांनी चोळला होता.

"मले भर दिवसा अंधारं दिसून राह्यलं, बाई," ती मला सांगत होती.

थेंबभर रक्तावर विष ओळखणाऱ्या स्वस्त कागदी पट्ट्यांची बंद डबी तुमच्या टेबलावरच होती; ती फोडा, मी म्हणाले.

"तपासणीला येणारे मोठे साहेब पाहून जाईपर्यंत डबी फोडायची नाही, सिस्टर," तुम्ही म्हणालात.

मग त्या डबीला उदबत्ती लावा. झुंबरबाई संध्याकाळी मेली.

तिचे हात मी धुतले. आता मलाही अक्षरं पुसट दिसतात आणि पत्र न्यायला घरात कोणी नाही; वाटेनं जाईल त्याला हाक मारीन. उद्या बाकीच्या बाया तीच सरकी चोळणार. ते विष आहे, एवढं सकाळी आठच्या आत गावाला लेखी कळवा.

मार्था साळवे,
निवृत्त परिचारिका, सोनाळा