एका मागावरच्या दोघी

नाशिक, रविवार

ती. आई,
इथूनच तुझ्या पाया पडते. मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं.

बागेच्या कुंपणावर आमचं 'शेजारी' नावाचं फोटोंचं प्रदर्शन लागलंय. वेगवेगळ्या धर्मांची माणसं एकमेकांच्या सोबतीने कशी राहतात, ते लोकांनी येता-जाता पाहावं म्हणून. त्यात तुझा आणि सकीनाखालांचा फोटो आहे. एकाच मागावर दोघी खांद्याला खांदा लावून पैठणीचा पदर विणताय.

काल इथले एक पुढारी आले. म्हणाले, "ताई, आईचा फोटो झकास. शेजारची बाई तेवढी कापून टाका."

मी म्हटलं, "भाऊ, पदर दोघींचा आहे. कुठून कापू?"

त्यांनी फोटो उतरवायला लावला. मग मी तो हातात धरून तिथेच रस्त्यावर उभी राहिले. आजही उभी होते. आता लोक आधी तुमचाच फोटो पाहतात. दंड जरा भरून येतात, काळजी करू नकोस.

या फोटोवरून तिकडे गल्लीत कोणी काही बोललं का? अण्णांना कोणी अडवलं का? धोंडीरामकाकांचा फोन आला होता. "घरातली पहिली पदवीधर, ती रस्त्यावर उभी राहायला शिकली का?" होय, त्यासाठीच शिकले, असं त्यांना सांग.

फोटो तुझाही आहे. तुला नको असेल तर मी खाली ठेवीन. पण नाही म्हणायचं तर मागावर बस आणि सकीनाखालांच्या देखत म्हण.

खालांना सलाम, अण्णांना नमस्कार.

तुझी,
हर्षाली