नऊ बाटल्या, माहेरच्या नावाने

प्रति,
मा. साठा पडताळणी अधिकारी,
शालेय साहित्य विभाग.

विषय: प्रयोगशाळेतील सीलबंद कपाट उद्या सकाळी साडेआठपूर्वी उघडून मिळण्याबाबत.
संदर्भ: माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपले एक उत्तर.

महोदय,

१. गेल्या सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आपल्या पडताळणी पथकाने आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील काचेचे कपाट सील केले. आत नऊ बाटल्या आहेत. उद्या नऊ वाजता दहावीच्या छत्तीस मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. ती बुडाली तर त्यांचा निकाल राखून ठेवला जाईल.

२. घडले ते असे. नोंदवहीत सोडियम, बाटलीवर Na. पथकप्रमुख म्हणाले, "बाई, सोडियममध्ये एन कुठंय? ही बाटली दुसऱ्याची." पुढे पोटॅशियमवर K, आयर्नवर Fe आणि लेडवर Pb निघाल्यावर त्यांनी घाम पुसला व नऊच्या नऊ बाटल्या 'परका माल' ठरवल्या. ही चिन्हे लॅटिन नावांवरून आली आहेत: नॅट्रियम, कॅलियम, फेरम, प्लंबम. पाऱ्यावर Hg आहे, कारण तो हायड्रार्जिरम, म्हणजे पाण्यासारखी चांदी. हे मी उभ्या उभ्या सांगितले. "हे सगळं तोंडी झालं," ते म्हणाले.

३. लेखी उत्तरात आपण नाव बदलल्याचे प्रतिज्ञापत्र व संबंधितांची ना-हरकत मागितली. संबंधित धातू आहेत. मग आपल्या लिपिकांनी लॅटिन बोलणारा साक्षीदार आणायला सांगितले. ती आज कुणाचीच मातृभाषा नाही, असे मी म्हटल्यावर त्यांनी विचारले, "मग तक्रार कुणाची आहे?" शेवटी माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, सोपं करून लिही. नाव सासरचं लागलं, सही अजून माहेरच्या नावाने करतात." तसे लिहिले. त्यावर नऊ विवाह नोंदणी दाखले मागण्यात आले.

४. आद्याक्षराप्रमाणे नवी लेबले लावण्याची आपली सूचना मुख्याध्यापिकांनी कागदावर करून पाहिली. सोडियम आणि सिल्व्हर दोन्हींवर S आला. S हे गंधकाचे चिन्ह आहे. एखादी मुलगी गंधक समजून सोडियम उचलेल, पाण्यात टाकील, आणि पुढच्या पडताळणीत आपणांस छतही वजा करावे लागेल.

५. आज दुपारी चार वाजता कपाटावर नोटीस लागली: बेवारस मालाचा लिलाव, उद्या सकाळी साडेआठ. पाच वाजता भंगारवाले काका माल पाहून गेले. त्यांनी लेबले वाचलीच नाहीत. काचेतूनच शिसे, तांबे, कथील अशा सात वस्तू त्यांनी बिनचूक ओळखल्या. तेलात बुडवलेल्या दोन बाटल्यांकडे पाहून म्हणाले, "ही दोन मला नकोत, ताई. फुकट दिली तरी नकोत." हेही बरोबर आहे. ओळख पटल्याचे लिहून द्यायला ते तयार आहेत. पाच वाजून वीस मिनिटांनी मी आपल्या कार्यालयात फोन केला. भंगारवाल्याचा जबाब चालतो का, हे साहेबांना विचारून सांगतो, असे लिपिक म्हणाले. साहेब जागेवर नव्हते.

आपली नम्र, कपाटासमोर उभी असलेली,
(सही)
प्रयोगशाळा सहायक

मंगळवार, सायंकाळी ५.४०

सोबत:
१. आधीच्या तीन अर्जांच्या प्रती
२. मूलद्रव्यांचा तक्ता, एक (वर्गाच्या भिंतीवरून काढलेला, परत हवा)