शेणावरचा उजेड

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की मी उठून आत जाते. परवा दारात बसलेला एकजण सांगत होता, की विजेचे खांब यायच्या आधीच आपल्या गावात दिवे लागले, ते तुमच्यामुळे. खरं आहे. पण ते कुणाच्या हातांनी लागत होते हे त्यानं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

तार तेव्हा सानगडीपर्यंत येऊन थांबली होती. मग साकोलीहून वीज कचेरीचे साहेब आले आणि चावडीसमोर उभे राहून म्हणाले, शेण द्या, दिवा घ्या. तळ्याच्या पाळीजवळ त्यांनी गोबर गॅसची मोठी टाकी बांधली, तिच्या शेजारी इंजिनाची खोली. टाकीतल्या गॅसवर इंजिन चालायचं, इंजिनावर वीज, आणि दिवस मावळला की दोन तास प्रत्येक ग्राहकाच्या घरी एक बल्ब. तुम्ही कचेरीत तारा ओढायच्या कामावर होता, म्हणून टाकी तुमच्या ताब्यात आली. शेजारच्या काकीनं विचारलं, "काऊन जी भाऊजी, या उजेडाले वास तं नाही येनार?" सगळ्या बाया खदखदून हसल्या. तुम्ही हसला नाहीत. "ज्याची टोपली सकारी नाही येनार, त्याचा फ्यूज मी सांजच्याले काढीन," एवढंच म्हणालात.

नवरा गेल्यावर मी परत आले होते, ती तुमच्याच घरात. सकाळी टोपली डोक्यावर घेऊन टाकीवर जायचं, कुंडीत शेणाएवढंच पाणी ओतायचं, हातानं कालवायचं, त्यातली काडी न् काडी वेचायची. हे काम मायचं आणि माझं. पावसाळ्यात मायच्या बोटांना भेगा पडत. तिनं तुमच्याजवळ एकदाच मागितलं होतं, बल्ब चुलीच्या खोलीत लावा म्हणून. "एका घरी एकच बल्ब. अन् तो समोर. चुलीपाशी उजेड कायले पाह्यजे? जाळ असते ना तिथं." माय तुमच्या बल्बच्या पलीकडे, चिमणीच्या धुरात भाकरी थापत राहिली.

मला शाळेत तुम्ही घातलं नाहीत. तुम्ही कचेरीतून आणलेल्या पत्र्यावर 'धोका' लिहिलेलं होतं, त्यावरून मी पहिली दोन अक्षरं शिकले, बाकीची किराण्याच्या पुड्यांवरून. दिवे आल्यावर साकोलीच्या वाचनालयातून पुस्तकं आणायला लागले आणि तुम्ही टाकीवर असाल तेवढा वेळ समोरच्या खोलीत उभ्या उभ्या वाचत असे. त्या दोन तासांत मी कुणाची विधवा नव्हते, कुणाच्या घरी परत आलेली नव्हते. हे मी मायलाही कधी सांगितलं नाही.

साहेबांनी शेणाचा अंदाज घेतला होता मळणीच्या दिवसांत, जनावरं घरापाशी बांधलेली असताना. पावसाळा लागला तसे बैल चिखलणीला आणि गाई रानात. शेण पडायचं शेताच्या धुऱ्यावर आणि झुडपांत. गोठ्यात उरायचं ते सगळं टाकीला. घराघरातलं सारवण बंद पडलं, जमिनी पोपडल्या. काकीनं लेकीच्या साखरपुड्याला एक खोली सारवून घेतली आणि टाकीवर अर्धीच टोपली आणली. त्या सांजेला सोयरे ताटावर बसलेले असताना तुम्ही तिच्या दारात फ्यूज काढायला उभे.

"पाहुने जेवून राहिले भाऊजी, आजच्या दिवस राहू द्या ना."

"अर्ध्या टोपलीवर इंजिन नाही चालत, वहिनी."

आणि फ्यूज खिशात घालून तुम्ही निघून आलात. पाहुण्यांनी कंदिलाच्या उजेडात हात धुतले. काकी पुढे महिनाभर माझ्याशीही बोलली नाही.

त्याच पावसाळ्यात एका सकाळी माय गेली. दोन दिवसांचा ताप, बाकी काही नाही. मयत उचलल्यावर ती जागा लगेच शेणानं सारवावी लागते, हे तुम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. गोठ्यात एक टोपली शेण होतं. काकीच सगळा राग गिळून पुढे आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "भाऊजी, आज तरी हे शेन घरी राहू द्या. बाईच्या जागेले लागते." तुम्ही तिच्याकडे पाहिलं नाहीत. "नियम घरच्यालेबी लागू हाय," म्हणालात. बायांनी तोंडाला पदर लावले. मयतीच्या दिवशी बायकोपेक्षा टाकी मोठी झालेला माणूस, असं गावानं तुम्हाला त्या दिवशी ठरवलं, आणि तुम्ही मरेपर्यंत तसंच धरलं.

माणसं मायला घेऊन गेली. मी टोपली टाकीवर नेली, कालवली, परत आले. मायची जागा तशीच कोरडी राहिली. संध्याकाळी आपल्या घरचा बल्ब लागला. तुम्ही आत आला नाहीत, बाहेर दगडावर पाठ करून बसलात.

काकीनं विचारलं, अशा दिवशीही टोपली न्यायला खरंच लावली? मी म्हटलं, हो, बाबानंच. पुढे ज्यानं ज्यानं विचारलं, त्याला हेच सांगितलं. तुम्ही समोर असतानाही सांगितलं. तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत.

राग अजून आहे. मायला चुलीपाशी उजेड दिला नाहीत त्याचा आहे, काकीच्या दारात उभे राहिलात त्याचा आहे, मला शाळेत घातलं नाहीत त्याचाही आहे. त्यातलं काहीही मी मागे घेत नाही. हे पत्र कुणाच्या हाती द्यायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. त्या सकाळी मायच्या पुढे मडकं घेऊन दाराबाहेर पडताना तुम्ही माझ्याजवळ थांबला होतात. कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालात, "राहू दे वो बाई आज. मायची जागा सारव." मी ते नीट ऐकलं होतं, तरी सांजेच्या बल्बसाठी टोपली नेली. माझं पुस्तक अर्धं राहिलं होतं, बाबा.