सरावातला लिफ्टर

सर,

तुम्हाला जाऊन लई वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा संशय काही गेला नाही. परवा रेणापूरला व्हॉलीबॉल खेळायला गेलो होतो. मी आता असाच फिरतो. ज्या गावाला शूटरसाठी बॉल उचलून देणारा लिफ्टर लागतो, त्या गावाकडून खेळतो. तिथं आपला डावखुरा शूटर भेटला. चहाचं दुकान टाकलंय त्यानं, पोट सुटलंय, चहा नुसता पाक करतो. ते जाऊ द्या.

जिल्हा नवा झाला आणि पावसानं पाठ फिरवली. तुम्ही लातूरची टीम उभी केली. मैदानावरची धूळ बसवायला ज्यांच्या विहिरीचं पाणी यायचं, त्यांचा पोरगा पहिला लिफ्टर. मी बौद्ध वस्तीतला, त्याचा बदली. "त्याची बोटं मॅचसाठी जपायचीत, सरावाला तू उचल," तुम्ही म्हणालात आणि सगळा उन्हाळा नेटजवळ उभं राहून मीच बॉल उचलले. शूटरांच्या उड्या माझ्या हातावर बसल्या. तो लिंबाखाली बसून म्हणायचा, "दे दे बाबा, तुझ्याच जिवावर आराम करून राहिलो." त्याच्यावर राग नाही माझा.

मग नांदेडची मॅच, नव्या जिल्ह्याची पहिली. एसटीतून बघितलं तर गोदावरीत नुसती वाळू, मधून बैलगाडी चाललेली. मॅच सुरू होते आणि आपले शूटर उडी मारून खाली येतात, त्यानंतर बॉल येतो. विहीरवाल्यांचा पोरगा उंच उचलतो, मी आखूड उचलायचो; शूटरांना सवय माझी लागलेली. डावखुरा ओरडतो, "सर, सरावातला लिफ्टर द्या की." मी उभा राहतो. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणता, "खाली बस. तुला कुणी बोलावलं?" हरलो आपण. परतताना तुम्ही तुमच्या डब्यातलं धपाटं माझ्यापुढं धरलंत. मी खाल्लं, पण तेव्हापासून मनात येतं, मन खात असल्याशिवाय माणूस असा डबा पुढं करत नाही. ती विहीर नसती तर मला उतरवलं असतं का?

डावखुऱ्याचं म्हणणं वेगळंच. "येड्या, मॅच गेल्यात जमा होती. तू उतरून हरलो असतो तर म्हणले असते, ह्या वस्तीतल्यानं हरवलं. पुन्हा कुणी कोर्टात पाय ठेवू दिला नसता तुला. सर घरी आल्यावर त्यांच्या पोरीसमोर हेच बोलले, तिनंच सांगितलं मला."

"मग पुढच्या मॅचला का न्हाई उतरवलं?"

"पुढच्या मॅचला सर होते कुठं? त्याच्या आधीच गेले की."

मी त्याला "हाव, असंल तसं" म्हणालो. तुम्हाला सांगतो, मला ते पटलं नाही. मेलेल्या माणसाला इतकं चांगलं कारण कुणीही चिकटवतं. आणि तसंच असेल, तरी मला न विचारता माझं भलं ठरवणारे तुम्ही कोण?

तुमची मुलगी उदगीरला असते. पत्ता डावखुऱ्यानं दिलाय, खिशात आहे. तिला हे पाठवलं तर ती उत्तर देईल, आणि तो म्हणाला तेच खरं निघालं तर मी इतकी वर्षं कुणावर रुसून गावोगाव फिरतोय, ते मला सांगता यायचं नाही. म्हणून पाठवत नाही.