बर्फ अजून कमीच पडतो

११ मे, सोम.
निखिलने हैदराबादहून पाठवलेला फ्रिज येऊन आज आठ दिवस झाले. दोन दारांचा, कपाटाएवढा. आत आपोआप बर्फ करणारं यंत्र. मला एकट्याला हे धूड कशाला? पण सुधाच्या वेळचा जुना बंद पडला आणि चिरंजीवांनी न विचारता हा मागवून टाकला.
आज मोजले. चोवीस तासांत नऊ खडे, तेही आतून पोकळ. पुस्तिकेत शंभराच्या आसपास लिहिलंय. शंभर खड्यांचं मी काय करणार ते सोडा. लिहिलंय तर पडले पाहिजेत.
मेकॅनिक म्हणतो, "अंकल जी, अभी चिरगाँव में हूँ, कल आता हूँ." याचा कल मला माहीत आहे.
निखिलला खड्यांचा फोटो पाठवला.

१२ मे, मंगळ.
सकाळी सव्वानऊला नि.चा फोन, ऑफिसच्या कॅबमधून. एरवी रविवारी दोन मिनिटं असतात. जेवलात? गोळी घेतली? ठेवतो. आज बावीस मिनिटं!
"बाबा, फ्रीझर किती पे सेट आहे?" हैदराबादेत राहूनही पोराची आपल्या झाशीची हिंदी काही सुटली नाही. उणे पंधरावर होता, उणे अठरा केला. म्हटलं, लगेच पाण्याची जाळीही साफ करतो.
"नाही नाही. एका वेळी एकच बदल, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. चोवीस तास थांबा. उद्या याच टायमाला सांगा."
हे तर माझंच वाक्य. रेल्वेच्या वॅगन वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं हाताखालच्यांना हेच ऐकवलं. याने कधी ऐकलं कोण जाणे. बरं वाटलं. खूपच बरं वाटलं, खरं सांगायचं तर.

१३ मे
अकरा खडे. फोन बरोबर सव्वानऊला.
आज जाळी. पाण्याची नळी फ्रिजला जोडलीय तिथे असते, नखाएवढी. खाराने पांढरी झालेली, आपलं पाणीच तसं. लिंबाच्या रसात बुडवून ठेवली. नि. म्हणाला, "आई कुकर पण असाच साफ करायची ना?" हो म्हटलं.
सुधा गेल्याला तीन वर्षं झाली. आम्हा दोघांत तिचं नाव आज पहिल्यांदा निघालं. मग नुसता त्याच्या कॅबचा हॉर्न ऐकू येत होता.

१४ मे
दहा. म्हणजे जाळीही नव्हे.
मेकॅनिक उगवला एकदाचा. फ्रिजला म्हशीसारखं थोपटलं. "नई मशीन है अंकल जी, धीरे-धीरे खुलेगी." चहा प्याला, गेला. डोंबल खुलेगी!
नि.ला त्याची नक्कल करून दाखवली. काय हसला! इतका हसलेला मी शेवटचा कधी ऐकला, आठवत नाही.
व्होल्टेज बघायचं ठरलं. दिवसभरात चारदा रीडिंग घेतलं, वहीत लिहिलं. उठल्याबरोबर काहीतरी काम असतं हल्ली.

१५ मे, शुक्र.
व्होल्टेज ठीक. फोन ठेवल्याबरोबर फ्रिज पुढे ओढला. धाप लागली, पण ओढला.
सापडलं! पाण्याची पांढरी नळी भिंत आणि फ्रिजच्या मध्ये चेपलेली. वळणावर पार चपटी, पाणी जाणार कुठून? नळी सरळ केली, फ्रिज वीतभर पुढे ठेवला. अर्ध्या मिनिटाचं काम.
दुपारी स्वयंपाकघरात धडाधड आवाज झाला, दचकलोच. बर्फ पडत होता.
उद्या नि.ला सांगायचं.

१६ मे, शनि.
आज त्याला सुट्टी. कॅब नाही, ऑफिस नाही. तरी फोन सव्वानऊलाच.
"किती, बाबा?"
मोजले होते सत्त्याण्णव. तोंडातून निघालं, अकरा.
का? का, ते कळतही होतं.
पस्तीस वर्षांत एक रीडिंग खोटं लिहिलं नाही. एकदा साहेबाने सांगूनही लिहिलं नाही, बदली पत्करली. आणि आज पोटच्या पोराला

वहीत सत्त्याण्णवच लिहिलंय.

१८ मे
एवढा बर्फ लपवायचा कुठे? शेजारच्या शुक्ला भाभींना दोन डबे दिले. "भाईसाहब, दुकान खोल ली क्या?" उरलेला मोरीत.
नि.ने पाण्याचा दाब मोजायला सांगितला. गेज आहे माझ्याकडे जुना, पण काढलाच नाही. ठोकून दिलं, अर्धा किलो, म्हणजे कमीच. तो मन लावून लिहून घेत होता. मागे सूनबाई काही विचारत होती, तिला म्हणाला, "थांब, बाबांचं काम चालू आहे."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी फोन ठेवल्यावर पहिला विचार हाच की उद्या काय सांगायचं. म्हातारपणी चांगला लफंगा झालो.

२० मे, बुध.
"बाबा, बहुत हो गया. शुक्रवारी निघतो, शनिवारी मी स्वतः बघतो. रजा टाकली."
दीड वर्षाने येणार! फोन हातात घेऊन खोलीभर फिरलो. त्याची गादी उन्हात टाकली. त्याच्या आवडत्या भरल्या वांग्यांचं कसं करायचं? मला ती जमत नाहीत.
मग डोकं ठिकाणावर आलं. येईल, मागे वाकून बघेल, दोन मिनिटांत सगळं कळेल.
नळी परत चेपून ठेवावी?
ठेवायला गेलो. खांदा लावला फ्रिजला. लावला आणि तसाच उभा राहिलो. मग बाजूला झालो आणि गादी आत आणली.

२१ मे, गुरु.
सांगून टाकलं.
"निखिल, यंत्र शुक्रवारपासून नीट चालतंय."
"म्हणजे सहा दिवस?"
"हो."
"आणि तो दाब?"
"मनाचा."
म्हटलं, रजा रद्द कर. तुझा फोन यायचा रोज, म्हणून...
वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. अगदी हळू म्हणाला, "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही एकदा तरी मला फोन लावलात? बिना कामाचा? मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशी बोलायला आवडत नाही. रविवारी पण मी घाबरत घाबरत लावतो."
मी म्हणणार होतो, नोकरीतल्या माणसाला मध्ये त्रास देऊ नये म्हणून. पण ते म्हटलं नाही. तीन वर्षं हेच कारण स्वतःला देत आलो, आज मलाच पटेना.
"ऑफिस आलं," म्हणाला. ठेवला.
रजेचं काहीच बोलला नाही. मी विचारलंही नाही.

२२ मे, शुक्र.
सव्वानऊ. नाही.
साडेनऊ. नाही. कॅबमधून उतरला असेल एव्हाना. की स्टेशनवर जायची तयारी करत असेल? की रजा रद्द केली आणि कामाला लागला?
बर्फ पडला आत्ता. मोजला नाही.
काय बोलतात बिना कामाचं? सुधा तासभर बोलायची त्याच्याशी, मी शेजारी पेपर वाचत असायचो. काय बोलायची, एक अक्षर लक्षात नाही. ऐकलंच नाही कधी. येतोस का, हे विचारलं तर तेही कामच झालं.
पावणेदहा. नंबर लावलाय. स्पीकरवर टाकून लिहितोय, हाताला काहीतरी हवं म्हणून.
रिंग जातेय.
अजून जातेय.