बाबांचं ‘बघू’

आई, बाबांकडे आता एकच शब्द उरला आहे. मागच्या हिवाळ्यात सकाळी दाढी करता करता ते खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही. काही दिवस घशातून नुसती घरघर यायची. मग एकदा शब्द आला, ‘बघू’. तेवढाच. चहा देऊ? बघू. दुखतंय का? बघू. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई दारातूनच गुजरातीत “मजामां, काका?” असं विचारते, तर तिलाही बघू. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. जन्मभर ज्या शब्दाआड ते लपले, तोच नेमका हाताशी राहिला.

मला नागरवाड्यातलं आपलं स्वयंपाकघर दिसतं. शाळेची सहल पावागढला जायची होती, आणि बाबा ‘बघू’ म्हणाले म्हणून मी नाचत तुझ्याकडे आले होते. तू पोळ्या लाटतेयस. मनगटाने कपाळावरचे केस मागे सारतेस आणि विचारतेस, “म्हणताना कुठे बघत होते?” मी म्हणाले, “बुटाच्या नाड्या बांधत होते.” त्यांना मकरपुऱ्याला जाणारी कंपनीची बस गाठायची असायची. “मग नाही म्हणालेत,” तू म्हणालीस. मी रडकुंडीला आले. “अगं, पण ते बघू म्हणाले!” तू तव्यावरची पोळी उलटलीस. “बघू तर ते सगळ्यालाच म्हणतात. आपल्याकडे बघून म्हणाले तर हो समजायचं.” मग सरळ ‘नाही’ असं का म्हणत नाहीत, असं मी विचारलं, तर तू म्हणालीस, “तुझा चेहरा पडलेला त्यांना बघवत नाही म्हणून.” सहल गेली, मी घरी राहिले. पण पुढे कॉलेजात मराठी घेऊ का असं विचारलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि ‘बघू’ म्हणाले. मी दुसऱ्यांदा विचारलंच नाही, जाऊन नाव घालून आले.

या पावसाळ्यात त्यांना पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं. तोंडाने काही दिलं की ठसका लागून ते फुफ्फुसात जायचं, आणि नाकातली नळी ते डाव्या हाताने उपटून टाकायचे. पोटाला भोक पाडून तिथूनच अन्न द्यावं, असं डॉक्टर म्हणत होते. भला माणूस. म्हणाले, “बेन, काकाने पूछी जुओ. एमनी हा होय तो ज करीए.” बोलता येत नसलं तरी काकांना समजतं बरंच, तेव्हा त्यांचा होकार हवा. पुण्याहून भाऊ फोनवर होता. मी खाटेपाशी वाकून बाबांना सगळं समजावलं आणि विचारलं, “करायचं का, बाबा?” ते खिडकीकडे बघतील असं मी धरून चालले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बघू.”

“शुं कह्युं?” डॉक्टरांनी विचारलं. फोनवरून भाऊ म्हणाला, “ताई, बघू म्हणजे नको. बाबांना आपण ओळखत नाही का? सोड आता त्यांना.”

“तुला ते दिसत नाहीयेत,” मी म्हणाले. “माझ्याकडे बघून म्हणाले ते.”

“मग?”

“मग हो.” आणि डॉक्टरांकडे वळून मी म्हणाले, “हा पाडे छे.” बाबांचं म्हणणं त्यांच्या वतीने दुसऱ्या भाषेत सांगताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

घरी आल्यावर व्यायामाच्या बाईने सहज सांगितलं, “काकांशी डाव्या बाजूला उभं राहूनच बोलायचं. उजवीकडचं त्यांना धड दिसत नाही, मानसुद्धा आपोआप डावीकडेच वळते.” त्या दिवशी मी डाव्या बाजूलाच उभी होते. म्हणजे त्यांनी माझ्याकडे पाहिलं, की मान जिकडे वळत होती तिकडे मी होते? भावाला हे मी सांगितलेलं नाही. तो मध्ये येऊन गेला, बाबांचे गाल जरा भरलेले पाहून “बरं केलंस” म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. मी पातळ पेज गाळते, पोटातल्या नळीतून सोडते, नळी धुते, की पुढच्या वेळेची तयारी. थकले गं. शाळेची रजा संपत आलीय. दिवसभरात एखादं पूर्ण वाक्य बोलावं असं घरात माणूस नाही.

आज दुपारी न राहवून त्यांना विचारलं, “बाबा, मी त्या दिवशी बरोबर सांगितलं ना?” ते ‘बघू’ म्हणाले, डोळे मिटून. याचा अर्थ तू मला कधी सांगितला नव्हतास.

तो तुला विचारावा म्हणून लिहायला बसले. हे कुठे पोचणार नाही, ठाऊक आहे. तुझं बोलणं मी अजून शब्दन् शब्द म्हणून दाखवीन, पण माझ्या आवाजात. तुझा आवाज कसा होता, ते मला आता आठवत नाही.